वीतभर हात

पाण्याखाली काढलेला माझा पहिला फोटो मी मोठ्या अभिमानानं घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर पहिलं उत्तर आलं नागपूरच्या मावशीचं. "अभिनंदन! लग्न कुणाचं?"

फोटो पुन्हा नीट पाहिला. मावशीचं काही चुकलं नव्हतं. मधोमध एक मासा, गंभीर चेहऱ्याचा, थोडा भेदरलेला. त्याच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीमागे, जिकडे पाहावं तिकडे पांढरे ठिपके. शेवटचं मंगलाष्टक नुकतंच संपून अक्षतांचा मारा झाल्यासारखे. माशाचा आविर्भावही अगदी नवरदेवाचाच, तोंड उघडं आणि पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही. तासाभरानं मावशीच्या यजमानांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, "मुलगी दिसत नाही कुठे?"

या अक्षतांना पाण्याखालच्या फोटोग्राफीत बॅकस्कॅटर म्हणतात. समुद्राचं पाणी वरून कितीही नितळ दिसलं, तरी त्यात वाळू, गाळ, प्लवक असं बरंच काही तरंगत असतं. कॅमेऱ्याच्या नाकावर बसलेला फ्लॅश उडाला, की त्याचा उजेड आधी या कणांवर आपटतो. कण झगझगीत उजळतात आणि मासा मागे राहतो. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला, की समोर पांढरी भिंत उभी राहते, तोच प्रकार. आणि आम्ही डायव्हिंग करतो मालवणला. तिथं हिवाळ्यात पाणी बरं असतं, पण 'बरं' या शब्दाचा अर्थ तिथं रोज सकाळी नव्यानं ठरतो.

मग फ्लॅश मारूच नये, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण पाणी हे फार चोरटं प्रकरण आहे. ते आधी लाल रंग गिळतं. चार-पाच मीटर खाली गेलं की लाल निघून जातो, मग नारिंगी, मग पिवळा. वीसेक मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. फ्लॅशशिवाय काढलेल्या माझ्या फोटोंमध्ये सगळे मासे, सगळी प्रवाळं आणि माझी बायको, असे सगळेच एका निळसर हिरव्या रंगाचे दिसत होते. बायकोनं तो फोटो पुसून टाकायला लावला.

यावर जगभर एकच इलाज आहे. फ्लॅश, म्हणजे आमच्या भाषेत स्ट्रोब, कॅमेऱ्यापासून दूर न्यायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही जरा मागे सरकवलेले. म्हणजे उजेड माशावर तिरका पडतो आणि मधल्या पाण्यातले कण अंधारात राहतात. आता स्ट्रोब दूर धरायचा म्हणजे धरायला काहीतरी हवं. ते जे काहीतरी, त्याला स्ट्रोब आर्म म्हणतात. आर्म म्हणजे हात. माझ्या दोन हातांनी कॅमेरा धरायचा आणि कॅमेऱ्यानं त्याच्या हातांनी दिवे धरायचे.

"लग्नात फोटोग्राफरच्या मागे छत्री धरून पोरगा उभा असतो ना, तसं?" बायकोनं विचारलं.

"अगदी तसंच!" तिला इतक्या लवकर समजलं याचा मला आनंद झाला.

"मग त्या पोरालाच न्या. तो स्वस्त पडेल."

आमच्या डायव्हिंगच्या टोळीत दोन गुरुजी आहेत. दोघंही निवृत्त इंजिनिअर. पुण्यात निवृत्त इंजिनिअर दोन असले, की कुठल्याही गोष्टीला किमान तीन मतं पडतात. पहिल्या गुरुजींना मी साधा प्रश्न विचारला, हात केवढे घेऊ?

"काय काढणार आहेस?"

"मासे."

"मोठे की बारीक?"

"येतील ते."

पथ्य काय पाळता, या प्रश्नावर 'मिळेल ते खातो' असं सांगणाऱ्या रोग्याकडे वैद्य ज्या नजरेनं पाहतात, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समजावलं. बारीकसारीक जीव काढायचे तर कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो, तिथं हात आखूड हवेत, पाच-पाच इंची. मोठं दृश्य काढायचं, खडकाची भिंत वगैरे, तर हात लांब हवेत, आठ-आठ, नाहीतर आठ-बारा. प्रत्येक बाजूला दोन हात, मध्ये कोपर. कोपर म्हणजे क्लॅम्प. हाताच्या दोन्ही टोकांना एकेक इंचाचा गोळा असतो, दोन गोळे क्लॅम्पच्या जबड्यात धरायचे आणि पंखासारखा स्क्रू पिळायचा. खांद्याला एक क्लॅम्प, कोपराला एक, मनगटाला एक. म्हणजे एका बाजूला तीन क्लॅम्प, दोन हात. दोन्ही बाजू मिळून सहा क्लॅम्प, चार हात.

"मग मी मधले घेतो," मी म्हणालो. "सहा-सात इंची."

"मधले घेतलेस तर दोन्हीकडे चुकशील."

दुसऱ्या गुरुजींनी लांबीचा प्रश्नच उडवून लावला. "त्यानं तुला इंचात अडकवलं," ते म्हणाले. "अरे, इंचानं काही होत नाही. वजन बघ. अॅल्युमिनियमचे हात पाण्यात बुडतात. तासभर तो कॅमेरा धरशील तर वर आल्यावर चहाचा कप उचलता येणार नाही. फ्लोट आर्म घे." फ्लोट आर्म म्हणजे जाडजूड, आत पोकळ किंवा हलका फोम भरलेला हात. तो पाण्यात वर उचलतो, कॅमेऱ्याचं वजन तोलतो आणि मनगट शाबूत राहतं.

पंधरा दिवस मला झोपेतही इंच दिसत होते. बसमध्ये दांडा धरला, की तो आठ इंची आहे की बारा, असा विचार यायचा. शेवटी घरातली शिवणाची टेप काढून टेबलावर पसरली. बायको म्हणाली, "आठ इंच म्हणजे वीतभर. वीतभर हातासाठी एवढा घोळ?" तिनं आपली वीत टेबलावर ठेवून दाखवली. वीत बरोबर आठ इंच भरली. मी माझी ठेवली, नऊ भरली. आमच्या संसारात माझी बाजू एका इंचानं वरचढ ठरल्याचा हा एकमेव प्रसंग, पण तिनं तेवढ्यात टेप गुंडाळली.

मग किंमत पाहिली. ती रुपयांत करून पाहिली आणि ताबडतोब पुन्हा डॉलरमध्ये केली. डॉलरमध्ये बरी दिसत होती.

अशा वेळी मध्यमवर्गीय माणसाच्या अंगात विज्ञान संचारतं. पोकळ नळीच हवी ना? मग पीव्हीसीचा पाइप काय वाईट? मी बोहरी आळीत गेलो.

"दोन इंची पाइप द्या. वीतवीतभर चार तुकडे. आणि आठ टोपणं."

दुकानदारानं पाइप कापता कापता विचारलं, "पाणी कुठून येणार?"

"पाणी यायला नको आहे."

"म्हणजे आउटलेट."

"नाही. पाणी जायलाही नको आहे."

त्यानं करवत खाली ठेवली. "साहेब, मग पाइप कशाला?"

मी त्याला आर्किमिडीज सांगितला. नळी जितकं पाणी बाजूला सारेल तितक्या वजनाची उचल मिळते, एक लिटरला साधारण एक किलो. तो शांतपणे ऐकत होता. मागे रांगेत उभ्या असलेल्या प्लंबरनंही ऐकलं आणि म्हणाला, "सर, टोपणाला सोल्युशन डबल मारा. आतमध्ये पाणी गेलं तर तुमचा तो माणूस बुडेल."

हिशेब मी काटेकोर केला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅमेरा, त्याची पाणीबंद पेटी, काचेचा घुमट आणि दोन स्ट्रोब असं सगळं ठेवून पाहिलं. तीन किलो. चार नळ्यांची उचल प्रत्येकी अर्धा किलो, एकूण दोन. म्हणजे कॅमेरा पाण्यात फक्त किलोभर भरणार, झकास. हिशेबात चूक एकच होती. स्वयंपाकघरात हवा असते. आर्किमिडीजचा नियम नळ्यांना लावताना मी कॅमेऱ्याच्या पेटीला लावायचं विसरलो. पेटीसुद्धा आपल्या आकाराचं पाणी बाजूला सारते, त्यामुळे पाण्यात त्या सगळ्या अवजाराचं वजन उरत होतं पाऊण किलोच्या आतबाहेर. त्याला मी दोन किलोची उचल लावली होती. म्हातारा न्हाणीतून धावत सुटला तो का, हे मला उशिरा समजलं. त्याचाही हिशेब आधी चुकला असणार.

चाचणी आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावात झाली. सकाळी सातची ज्येष्ठ नागरिकांची बॅच होती. आठ फुटांच्या बाजूला मी दम धरून कॅमेऱ्यासकट बुडी मारली. म्हणजे मी बुडी मारली. कॅमेरा तेलात सोडलेल्या पुरीसारखा टम्म वर आला आणि येताना मलाही घेऊन आला. पुन्हा खाली ढकलला, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तो उलटा फिरला आणि दोन्ही स्ट्रोब आकाशाकडे रोखून उभा राहिला. त्यातला एक उडालाही. लखकन उजेड झाला.

काठाशी कमरेइतक्या पाण्यात व्यायाम करणारे एक आजोबा हळूहळू जवळ आले.

"हे पाण्याखालचं आहे की पाण्यावरचं?"

"खालचं, काका."

"मग वर काय करतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. "विटा बांधा," म्हणाले आणि पुन्हा व्यायामाला लागले.

विटा नाही बांधल्या, पण नळ्या सोडून दिल्या आणि फोमच्या नळीवर आलो. मुलं पोहायला शिकताना कमरेभोवती धरतात ती, लांब, जांभळ्या रंगाची. तिचे तुकडे साध्या अॅल्युमिनियमच्या सळीवर चढवले. तलावात तोल इतका सुरेख साधला की त्या आजोबांनीही मान डोलावली. तोच कॅमेरा घेऊन मालवण गाठलं. पहिल्या पाच मीटरपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. दहा मीटरवर पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, हे मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. फोममध्ये जे काही आहे ते मुख्यतः हवेचे बुडबुडे आहेत, आणि दाब दुप्पट झाला की बुडबुडा निम्मा होतो, हेही मला माहीत होतं. फक्त या दोन माहित्यांची आपसांत ओळख करून द्यायची राहिली होती. खाली पोचेपर्यंत माझे टपोरे जांभळे हात सुकटीसारखे आक्रसले. कॅमेरा धोंड्यासारखा जड झाला. वर येताना फोम पुन्हा फुगला, तेव्हा होडीवरच्या लोकांना माझे हात आधी होते तसेच दिसले आणि माझ्या तक्रारीवर कुणाचा विश्वास बसला नाही.

त्या रात्री लॉजवर झोप येईना, म्हणून पाण्याखालच्या फोटोग्राफीचा इतिहास वाचत बसलो. आपली फजिती झाली, की इतिहास वाचावा. तिथं आपल्याहून मोठ्या फजित्या असतात आणि त्यांना शोध म्हणतात. 1893 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथं लुई बूताँ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं समुद्रात उतरून फोटो काढायला सुरुवात केली. पुढे त्याला उजेड हवासा वाटला, तर त्यानं काय करावं? ऑक्सिजन भरलेलं लाकडी पिंप घेतलं, त्याच्यावर स्पिरिटचा दिवा बसवला आणि रबरी फुगा दाबून दिव्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवायची सोय केली. हे सगळं समुद्रात. पिंप. दिवा. पूड. 1926 मध्ये फ्लॉरिडाजवळ ड्राय टोर्टुगाज बेटांपाशी विल्यम लाँगली आणि नॅशनल जिऑग्राफिकचे चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यांनी मॅग्नेशियमची पूड एका तराफ्यावर ठेवली होती. खाली कॅमेऱ्याचा खटका ओढला की वर तराफ्यावर धडाका व्हायचा. एका स्फोटात लाँगली चांगलेच भाजले.

हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे स्ट्रोब आर्म हा सुरुवातीला तराफा होता तर. आणि त्या दोघांनी तो आठ इंची घ्यावा की बारा, हे कुणाला विचारल्याची कुठेही नोंद नाही.

पुण्याला परत आल्यावर मी हात टेकले, म्हणजे विकतचे हात घ्यायचं ठरवलं. न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येणार होता. परदेशातला भाचा म्हणजे मामाची खासगी गोदी आणि कस्टम हाउस. त्याला मी निरोप पाठवला, तो इथं जसाच्या तसा देतो: 'आर्म्स तुझ्या पत्त्यावर येतील. चार. सोबत सहा क्लॅम्प. बॅगेत कपड्यांत गुंडाळून आण. मामीला यातलं काही कळता कामा नये.'

हा निरोप त्याच्या फोनवर त्याच्या सासूबाईंनी आधी वाचला. त्या तिकडे नातवाला सांभाळायला गेल्या होत्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्या बहिणीशी फोनवर नीट बोलल्या नाहीत. 1993 सालच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांपासून आपल्याकडच्या माणसाला आर्म्स या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे आणि तो कायद्याच्या नावात येतो.

भाचा उतरला तेव्हा विमानतळावर त्याची बॅग बाजूला काढली गेली. क्ष-किरणांत त्या गोळ्या-गोळ्यांच्या नळ्या काय दिसल्या असतील कुणास ठाऊक.

"यात काय आहे?"

"आर्म्स," भाचा म्हणाला. अकरा वर्षं अमेरिकेत राहून मुलं खरं बोलायला शिकतात.

दोन माणसं आणखी आली. "कशाचे?"

"म्हणजे, माझ्या मामाचे आहेत."

"मामांना हात नाहीत?"

"आहेत. हे पाण्यातले."

सगळी बॅग उघडली. हात निघाले, क्लॅम्प निघाले, शिवाय ताईनं मागवलेले बारा लोशनचे डबे निघाले, ज्यांच्याबद्दल मला काही माहिती नव्हती. शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्यानं एक क्लॅम्प हातात घेऊन दोनदा पिळला, सोडला, पुन्हा पिळला. "पकड चांगली आहे," म्हणाला आणि जाऊ दिलं. परत जाताना बाकरवडी, भाजणी आणि मेतकूट बांधून द्यायचं मी भाच्याला कबूल केलं होतं. त्यांत आता लसणीची चटणीही वाढली.

मामीला कळू नये हा बेत पहिल्याच दिवशी फसला, कारण हात जुळवायला जेवणाचं टेबल लागतं. दोन्ही गुरुजींचा मान राखायचा म्हणून मी एका बाजूला एक आठ आणि एक पाच इंची असा संच घेतला होता, आणि चारही फ्लोट आर्म. जाड, काळे, गुळगुळीत. क्लॅम्प पिळून सगळं उभं केलं, तेव्हा टेबलावर एक बुटका, बिनडोक्याचा प्राणी दोन्ही कोपरं वाकवून भांडायला उभा राहिल्यासारखा दिसत होता. आई देवघरातून आली. थांबली. चष्मा सारखा केला.

"गौरींचा स्टँड का रे आणलास?"

"आई, हा कॅमेरा आहे."

"स्टँडच आहे. हे खांदे, हे कोपर." तिनं कोपर हलवून पाहिलं. ते जिथं नेलं तिथं राहिलं. आईच्या डोळ्यांत मला तेव्हा काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं, पण मी स्ट्रोबच्या कोनात गुंतलो होतो.

जानेवारीत पुन्हा मालवण. होडीत माझी पेटी उघडली, तेव्हा आमचा डायव्ह गाइड टाक्या भरायचं सोडून बघत राहिला. वीस-बावीसचा पोरगा, दिवसाला आठ-दहा पर्यटकांना हात धरून समुद्राच्या तळाशी नेऊन आणतो.

"ह्यां काय हां, सायेब? कुर्ली?"

दोन्ही नांग्या वर केलेली कुर्ली. खरंच तशीच दिसत होती. होडीतल्या सगळ्यांना एकदम पटलं. माझ्या कॅमेऱ्याचं नाव त्या दिवसापासून कुर्ली पडलं ते पडलंच.

पण पाण्यात कुर्ली अशी तरंगली, की मी गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार केला. वर जाईना, खाली जाईना, एका बोटावर तोललेली. नऊ मीटरवर खडकाच्या कपारीत एक लायनफिश बसला होता. लायनफिश हे फोटोग्राफरांचं दैवत आहे. पंख पसरून असतो, देखणा असतो, आणि अंगात विष असल्यामुळे कुणाला घाबरून पळत नाही. त्याच्यापुढे जाऊन मी हात नीट करायला घेतले.

डावा हात बाहेर ओढला. क्लॅम्प घट्ट होता, सरकेना. स्क्रू सैल केला, तर अख्खा हात फिरून माझ्याच मुखवट्यावर आदळला. तो सावरेपर्यंत उजवा खाली लोंबला. उजवा वर नेला, तर स्ट्रोब माझ्या कानाजवळ येऊन पोचला. पहिल्या गुरुजींचं वाक्य आठवलं: स्ट्रोब काचेच्या घुमटाच्या मागे. तसं केलं. दुसऱ्यांचं आठवलं: पाणी गढूळ असेल तर अजून बाहेर. बाहेर नेले. आता दोन्ही हात असे पसरले होते की मला कपारीजवळ जाताच येईना, मी दारात अडकलेल्या कपाटासारखा. पुन्हा आत घेतले. फोटो काढला. स्क्रीनवर माझा स्वतःचा डावा फिन उत्तम उजळला होता, पट्टीवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. दुसरा काढला, तर उजवा स्ट्रोब उडालाच नाही. तो चालू करायला हात वळवला, तर डावा क्लॅम्प सैल. लायनफिश हे सगळं शांतपणे बघत होता. तिसऱ्या फोटोच्या वेळी त्यानं पंख मिटले आणि तो कपारीत आत निघून गेला. विषारी माशालाही काही मर्यादा असतात.

मी मागे पाहिलं. गाइड माझ्याकडे बघून अंगठा वर करत होता. पाचएक सेकंद मला वाटलं, पोरगं कौतुक करतंय. मग आठवलं, पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चल'. हवेचा काटा पन्नासवर आला होता. दोनशेनं सुरुवात केली होती. दीडशे बार हवा मी तीन फोटोंत आणि एका भांडणात संपवली होती.

होडीत आल्यावर मी म्हणालो, "मासा कुठे गेला रे?"

"कंटाळान गेलो, सायेब."

मग त्यानं मनगटाला दोरीनं बांधलेला आपला आगपेटीएवढा कॅमेरा काढला. पर्यटकांचे व्हिडिओ काढतात तो. ना स्ट्रोब, ना हात. "तुमचो फोटो काढलंय, बगा." सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि पोरगं माशापासून हातभर अंतरावर जाऊन पोचलं होतं. फोटोत लायनफिश पंख पसरून, एक ठिपका नाही, एक अक्षत नाही. त्याच्या मागे जरा अस्पष्ट मी, चार काळ्या नळ्यांमध्ये गुरफटलेला, एक कोपर मानेभोवती.

बायकोनं तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "नवरदेव छान! मागे मांडववाला कोण?"

गुरुजींना अर्थातच आधीपासून सगळं माहीत होतं. पहिले म्हणाले, "सांगत होतो, आठ-आठ घे." दुसरे म्हणाले, "क्लॅम्प स्वस्तातले घेतलेस." दोघांनी मिळून मला आणखी दोन बारा इंची हातांची नावं लिहून दिली. खोटं कशाला बोलू, तो कागद मी पाकिटात जपून ठेवला. बारा इंची असता तर मासा गेला नसता, असं मला अजूनही अधूनमधून वाटतं, विशेषतः रात्री.

जून उजाडला, की कोकण किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंद होतं. समुद्र खवळतो, होड्या वर ओढल्या जातात आणि कुर्ली माळ्यावर जाते. भाद्रपदात आमच्याकडे गौरी असतात. उभ्याच्या, मुखवट्यांच्या, थोरली आणि धाकटी. यंदा आवाहनाच्या आदल्या रात्री धाकटीच्या लोखंडी स्टँडचा उजवा हात वेल्डिंगमधून निखळला. गणपतीत वेल्डिंगवाला मिळत नाही. ते सगळे मंडळाच्या मांडवात असतात.

आईनं मला हाक मारली. "अरे, तो तुझा हात कुठंय?"

स्टँडच्या नळीला तार गुंडाळून गोळा बसवला. खांद्याला क्लॅम्प, पाच इंची दंड, कोपर, आठ इंची पुढचा हात, टोकाला आईनं कापूस भरून शिवलेला तळवा. वर जरीचं पोलकं, बाहीत तो काळा फ्लोट आर्म अगदी भरल्या अंगाचा दिसला. मग हिरव्या बांगड्या चढल्या. मग आईनं स्क्रू जरा सैल करून कोपर वाकवलं आणि पुन्हा पिळलं. दरवर्षी दोन्ही हात सरळ पुढे धरून जिना उतरत असल्यासारखी उभी राहणारी धाकटी यंदा एक हात वर उचलून आशीर्वाद देत होती. थोरली तिच्याकडे जरा असूयेनं बघतेय, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या. सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडे.

"काकू, किती सुरेख ठेवण आहे हो हाताची! कुठून आणला?"

"अमेरिकेहून," आई म्हणाली.

पुरणपोळीला दोन्ही गुरुजी सपत्नीक बोलावलेले होते. दुसरे पानावर बसले. पहिले हात जोडून धाकटीपुढे बराच वेळ उभे राहिले, मान डावीकडे कलवून, एक डोळा बारीक करून. मला वाटलं, भक्ती. मग ते माझ्या कानाशी वाकले.

"पाचाच्या जागी आठ टाकायला हवा होतास. जरा आखूड वाटतो."